ताठ मानेचा घोट

धान पिवळं पडलं की मला मारामारी आठवते. माझा इलाज नाही. बाकीच्या बायांना या दिवसांत माहेर आठवतं, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आठवते, नव्या तांदळाच्या भाताची पहिली वाफ आठवते. मला आठवतो कपाळावर येऊन आदळलेला स्टीलचा चमचा, आणि त्याच्यामागोमाग भिंतीवर नकाशासारखी पसरलेली मुगाची डाळ.

आज सकाळपासून घरामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, कापणी चालू आहे. बाया ओळीने वाकल्या आहेत, इळ्यांची खरखर स्वयंपाकघरापर्यंत येते. या पिकाबद्दल लोक फार गोड लिहितात. सोनं म्हणतात, हिरवा शालू म्हणतात. मी पन्नाशी ओलांडली, तरी मला त्यात गोड काही दिसलेलं नाही. बघा ना, आपण त्या धानाचं काय करतो. मुठीत मानगूट पकडायची, इळ्याने कापायचं, उन्हात उताणं पाडायचं, आवळून बांधायचं, खळ्यावर आणून बदडायचं, गिरणीत नेऊन अंगावरची साल सोलायची आणि शेवटी उकळत्या पाण्यात सोडायचं. एवढं सगळं झाल्यावर बोटाने दाबून म्हणायचं, काय मऊ झालाय भात!

आमच्या मामाजींना हा हंगाम अगदी शोभून दिसायचा.

मामाजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी रेल्वेत गँगमन होते, रुळाच्या खिळ्यांवर घण घालायचे. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पण घण हातातून सुटला नाही असं समजा. गावात दोघे भांडले की मामाजी सोडवायला जायचे आणि दोघांनाही बडवून परत यायचे. एकाची बाजू घेणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. त्यांचं प्रेमही त्याच मापाचं. लग्नात मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून मला सरळ उभं केलं आणि आशीर्वाद म्हणून पाठीत अशी थाप घातली की माझ्या तोंडातला पेढा समोरच्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन पडला. पाहुण्याने तो खाल्ला. आमच्याकडे वाया काही जात नाही.

पण त्यांचा खरा प्रयोग होता पाणी पिण्याचा. शेतावरून आले की ते भर रस्त्यात, अंगणाच्या तोंडाशी उभे राहायचे. पितळेचा गडवा हातभर उंच धरायचे, मान मागे टाकायचे आणि वरून धार सोडायचे. गडव्याचा काठ ओठाला लागायचा नाही. गळ्याची घाटी खालीवर नाचायची. गट, गट, गट. एक थेंब मिशीवर सांडायचा नाही. जाणारे-येणारे सायकल थांबवून पाहायचे. मी नवी नवरी असताना मला वाटलं, इथे टाळ्या वाजवायच्या असतात. मी वाजवल्या. त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी सून झाले, आणि लाडक्या माणसाला जास्त मार बसतो हे मला नंतर कळलं.

असा माणूस तीन वर्षांपूर्वी कापणीच्या सुरुवातीलाच पडला. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभं राहून मजुरांना शिव्या घालत होते. एक शिवी अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली. मामाजींनी शिवी अपुरी सोडली, एवढ्यावरूनच सगळ्यांना कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लकवा मारला. मामाजींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या हिशेबी त्यांनीच लकव्याला मारलं होतं आणि तो जाता जाता डावा हात, डावा गाल आणि अर्धा गळा पळवून घेऊन गेला होता.

हात आणि गाल गेल्याचं दुःख नव्हतं. भांडण होतं ते गळ्याशी. डॉक्टरांनी एक्स-रेचं हलतं चित्र दाखवलं. पांढरं औषध जिभेवरून गळ्यात उतरलं, डावीकडे रेंगाळलं आणि त्यातली एक बारीक धार श्वासनळीकडे वळली, उघड्या दारातून चोर शिरावा तशी. अशानेच दवाखान्यात असताना त्यांना एकदा निमोनिया होऊन गेला होता. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा छातीत पाणी गेलं तर या वयात भरवसा देता येणार नाही. गिळायला जमलं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल. मामाजींचे कान मात्र शाबूत होते. पलंगावरून गरजले, "नळी इंजनले लावा! मी माणूस आहो."

नळी टाळायची तर गिळायला नव्याने शिकायला हवं होतं. ते शिकवणाऱ्या मुग्धा मॅडम नागपूरच्या त्याच दवाखान्यात होत्या. अशा माणसाला रोज तिथवर कोण नेणार? म्हणून ठरलं की मॅडम मोबाईलवर दिसतील, मामाजी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसतील आणि चमचा मी धरीन. माझा नवरा राईस मिलमध्ये सुपरवायझर. हंगामात त्यांचं तोंड पाहायचं तर मिललाच जावं लागतं. तेव्हा या युद्धात घोडा मीच, भाला मीच आणि ढालही मीच.

नेटवर्क सपरीच्या एकाच कोपऱ्यात यायचं. तिथल्या खांबाला मी मोबाईल सुतळीने बांधला. मॅडमला मामाजींचा चेहरा नको होता, गळा हवा होता, तोही बाजूने. घाटी वर चढते का, चढायला किती उशीर लावते, ते त्यांना पाहायचं असे. त्यामुळे मॅडमला बरेच दिवस फक्त एक घाटी आणि पांढरे खुंट दिसत होते, आणि त्या घाटीतून बाहेर पडणारी भाषा ऐकू येत होती.

"आजोबा, नमस्कार. जेवण झालं?"

"मी काऊन तुया आजा? तुया आजा तुया घरी."

मॅडम वयाने लहान, आवाज साखरेचा, पण जिद्द लोखंडाची. प्रत्येक घोटानंतर त्या मामाजींना लांब 'आ' म्हणायला सांगत. आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा आला तर समजायचं, काहीतरी गळ्यात अडकून बसलं आहे. मामाजी मोठ्या खुशीने 'आ' लावत आणि तिथूनच आईवरची एक अस्सल शिवी सुरू करून ती शेवटपर्यंत नेत. मी लाजेने पदर तोंडात कोंबायची. खांबावरून मॅडम आनंदाने म्हणायच्या, "वा! आवाज एकदम स्वच्छ आहे!"

साधं पाणी बंद होतं. ते फार चपळ असतं, अर्ध्या गळ्याला सापडत नाही. मॅडमने पाणी दाट करायची पूड सांगितली. ती कामठ्याच्या दुकानांत मिळेना. ती येईपर्यंत मी कनकीची, तुकडा तांदळाची पेज गाळून चालवली. चमचा कॅमेऱ्यासमोर तिरपा करायचा आणि पेज कशी पडते ते दाखवायचं. मॅडम पारख करायच्या, "अजून जरा दाट. धार नको, थेंब हवा." मामाजी चमच्याकडे असं पाहायचे जसं तिकडून साप येतो आहे.

"हे पाणी नाई, खळ आहे. मले पतंग समजून राहिली का तू?"

हे सगळं एक वेळ चाललं. खरी लढाई पेटली ती मानेवरून.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. मान मागे गेली की श्वासनळीचं दार उघडं पडतं. हनुवटी छातीला टेकवली की ते दार झाकलं जातं. म्हणून प्रत्येक घोटाला मान खाली. म्हणजे जो प्रयोग पाहायला रस्ता थांबत होता, ती मान मागे टाकून सोडलेली धार, तोच आता त्यांचा जीव घेणारा होता. मी समजावलं, मॅडमने समजावलं, मिलमधून फोन करून त्यांच्या मुलाने समजावलं. मामाजी चमच्यासाठी तोंड उघडायचे, पण मान एक बोट खाली जायची नाही. आणि मॅडम आपल्या खांबावरून, स्पीकरवर, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहायच्या, "आजोबा, मान खाली. अजून खाली. अजून. हं, अजून थोडी झुकवा."

अंगणात तेव्हा कापलेल्या धानाच्या कडपा बांधून झालेल्या बाया चहाला बसलेल्या असत. त्यातली एक हसली. बास. मामाजींच्या चांगल्या हाताने घोटलेल्या मुगाच्या डाळीचा चमचा हवेत उडाला. तोच तो, माझ्या कपाळावरचा.

मीही काही गरीब गाय नाही. डाळ पुसत ओरडले, "मामाजी, पुन्हा मारलं ना, तर तुमच्या उभ्या धानात मी स्वतः डुकरं हाकलीन!"

"हाकल! अन् या खांबावरच्या बाईलेही संग घेऊन जाय!"

त्यानंतर रोज हेच. वाटी उडायची, पेज उडायची. एकदा त्यांनी उजव्या हाताने मोबाईललाच थप्पड हाणली. तिकडे नागपुरात मॅडम दचकून मागे सरकल्या, मला स्पष्ट दिसलं. भाताचा कण नाही, पाण्याचा घोट नाही, आणि माणूस हट्टाने वाळत चाललेला. मजूर बायांनी आपसांत ठरवूनही टाकलं की म्हातारा धान घरी येईस्तोवर काढत नाही. रागाने माझे हात शिवशिवायचे. मला वाटायचं, हा माणूस मरायला निघाला आहे आणि जाताना मला हरवून जाणार आहे.

मग तो दिवस आला. भर दुपार, मॅडमची वेळ झाली होती. मी फोन जोडून दिला आणि बायांना चहा द्यायला अंगणात उतरले. पाठ वळली तेवढ्यात मामाजींनी खिडकीतला गडवा उचलला. तहान किती असेल! उजवा हात उंच गेला, मान मागे पडली, धार सुटली. मी वळले तेव्हा ती धार उन्हात चमकत होती आणि क्षणभर, खरं सांगते, मला जुना आनंद झाला.

पुढच्या क्षणी गडवा फरशीवर आपटला.

त्यांचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. डोळे बाहेर आले, चेहरा जांभळा पडला, पाय खुर्चीला लाथा मारू लागले. बाया धावत आल्या आणि आपल्याकडे ठसका लागला की जे करतात ते त्यांनी सुरू केलं. एकीने टाळूवर चापट्या हाणल्या. दुसरीने हनुवटी धरून तोंड आढ्याकडे केलं. "वर पाहा, बाबा, वर पाहा!" तिसरी पाठीत गुद्दे घालत होती. इतकं मनापासून बदडणं मी फक्त खळ्यावर पाहिलं आहे. आणि खांबावरून मॅडमचा आवाज फाटत होता, "वर नको! ताई, वर नको! पुढे वाकवा त्यांना! पुढे!"

मी बायांना ढकललं. मामाजींच्या मानगुटीवर हात ठेवला आणि सगळा भार टाकून त्यांना खाली दाबलं. ते झगडले. मरत होते, तरी झगडले. कोपर माझ्या बरगडीत बसलं, नखं दंडात रुतली. मी सोडलं नाही. त्यांचं डोकं गुडघ्यापर्यंत नेलं, तेव्हा कुठे खोकल्याचा एक स्फोट झाला आणि पाणी नाकातोंडातून बाहेर आलं. मग दुसरा खोकला. मग श्वास, करवतीसारखा.

बायांनी मला बाजूला केलं. मामाजी मान वर करून बसले, माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं की कशाचं, कोण जाणे.

"तू माही मान वाकवली," ते म्हणाले.

"तुम्ही मरून राहिले होते, मामाजी!"

"मरू द्याचं होतं."

मग ते खांबाकडे वळले आणि मॅडमला पहिल्यांदाच घाटीऐवजी तोंड दिसलं. जीभ अजून जड होती, पण एकेक शब्द दगडासारखा पडत होता.

"आयक, बाई. दीक्षेच्या आधीची गोष्ट आहे. आमी बौद्ध नव्हतो झालो तवा. मी इतकुसा. माय गावच्या मालगुजाराच्या खळ्यावर धान झोडाले जाये, मी तिच्या संग. तहान लागली तं गडव्याले हात लावू देत नव्हते. आमी ओळीनं वाकून बसावं, ओंजळ तोंडाले लावावी, अन् त्याचा माणूस वरून धार सोडे. मुद्दाम जोरात सोडे. नाकात जाये पाणी. लेकरं ठसकत, तं ते हासत. एक दिवस मी मान वर केली. म्हटलं, पाहू तरी कोण हासते. तं त्यानं गडवाच हाणला तोंडावर." भुवईवरचा व्रण त्यांनी बोटाने दाखवला. आम्ही तो रुळांच्या कामातला समजत होतो. "त्या दिवशी म्हटलं, मालगुजाराच्या दारात नाई, कोणाच्याच दारात नाई. आता वाकून पाणी पेत नसतो. अन् तू रोज मले म्हणून राहिली, अजून खाली, अजून खाली."

इतकी वर्षं मी ज्या धारेला टाळ्या वाजवल्या, ती कुठून निघाली होती ते मला तेव्हा कळलं. तीच उंची, तोच गडवा. फक्त धरणारा हात त्यांचा स्वतःचा.

खांबावरून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मॅडम कामाचंच बोलल्या. आधी छाती तपासून घ्या, आजच. ताप येतो का पाहा. उद्या मी पुन्हा येते.

छाती वाचली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मला वेगळी गोळी दिली, बरगडीसाठी.

दुसऱ्या दिवशी मॅडम खांबावर आल्या त्या वेगळ्याच सुरात. 'आजोबा' गेलं होतं. "बाबूजी, मी रात्री तुमच्या गळ्याचा एक्स-रे पुन्हा पाहिला. तुमची डावी बाजू झोपली आहे, उजवी चांगली काम करते. मग मान खाली घालायचा हट्ट मी कशाला धरू? ताठ बसा. घोट तोंडात घ्या आणि मान डावीकडे वळवा, थेट खांद्यावरून बघा. डावी बाजू मिटून जाईल आणि पाणी उजवीकडून उतरेल. जमतंय का, ते आपण पेजेवर पाहू."

मामाजींनी संशयाने विचारलं, "मान वर राहील?"

"ताठ राहील."

"अन् पाहाचं कोणाकडं?"

"डावीकडे जे असेल त्याच्याकडे."

मामाजींनी पेज तोंडात घेतली. मान डावीकडे वळवली. आणि तशीच धरून राहिले, जरा जास्तच वेळ. घाटी वर चढली, उतरली. खोकला नाही. मी त्यांच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं आणि मला हसू फुटलं. आमचं घर रस्त्यावर आहे. डावीकडे एक बांधी सोडली की त्याच मालगुजाराचं, जुन्या जमीनदाराचं घर लागतं. आता ते सिमेंटचं आहे, पुढे ट्रॅक्टरची शेड आहे, पण जागा तीच.

त्यानंतर घरात एक चमत्कार झाला. जो माणूस चमच्याला थप्पड मारायचा, तो वेळेआधी खुर्चीत बसू लागला. "आण," म्हणायचा. घोट घ्यायचा, मान गर्रकन वळवायचा, डोळे बारीक करायचा आणि समोरच्या घराला गोळी घालावी तसा गिळायचा. दात घासून घेणं, जेवल्यावर ताठ बसून राहणं, जीभ दातांत धरून रिकामं गिळण्याचा व्यायाम, सगळं बिनबोभाट. मॅडम म्हणायच्या, बाबूजींसारखा जोर लावून गिळणारा पेशंट मी पाहिला नाही. जोर कशाचा होता ते मी त्यांना सांगितलं नाही. उपचारात ढवळाढवळ कशाला करा? पेज पातळ होत गेली. मग आम्ही पुन्हा नागपूर गाठलं. मान वळवलेल्या गळ्याचा एक्स-रे झाला आणि पांढरी धार उजवीकडून शिस्तीत खाली उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. मॅडमने साध्या पाण्याला परवानगी दिली, ग्लासातून, एकेक घोट, मान वळवून.

मामाजी त्यानंतर आणखी दोन हंगाम जगले. दोन्ही वर्षी भात खाल्ला, दोन्ही वर्षी मळणीच्या मशीनवाल्याशी भांडले. मग एका दुपारी झोपेत गेले, शत्रूला पत्ता लागू न देता. आज बांधीत बाया वाकल्या आहेत आणि त्यांना शिव्या घालायला धुऱ्यावर कोणी नाही. काम जरा ढिलंच चाललं आहे.

पण मला त्या हंगामाचं सांगायचं होतं. आम्ही नागपूरहून परत आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी साध्या पाण्याचा पहिला ग्लास मी त्यांच्या हातात दिला. धान खळ्यावर आलं होतं आणि ते चुरून दाणे काढायचे होते मालगुजाराच्या नातवाच्या थ्रेशरवर. हा नातू म्हणजे बबलू भाऊ. पोरगा लाखात एक. अडीअडचणीला ट्रॅक्टर घेऊन पहिला धावतो. तो थ्रेशरची वेळ विचारायला अंगणात आला आणि नेमका मामाजींच्या डाव्या हाताला येऊन थबकला. मामाजींच्या तोंडात घोट होता. मान वळलेली, डोळे बबलूवर रोखलेले, गाल फुगलेले.

बबलू भाऊ माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, एक विचारू? बाबूजी लय दिवसांपासून आमच्या घराकडं असे काऊन पाहून राहिले? माझी आई तं घाबरून गेली. कुछ गलती हो गई क्या हमसे?"

"काही नाही, भाऊ. पाणी पिऊन राहिले."

त्याला काही उमगलं नाही. म्हाताऱ्या माणसाला अडचण नको, म्हणून तो बिचारा नजरेसमोरून बाजूला व्हायला निघाला. तेवढ्यात मामाजींची घाटी वर चढली, खाली उतरली, घोट सरळ मार्गाने पोटात गेला, आणि खणखणीत आवाज आला.

"सरकू नको बे. तिथंच उभा राय. अजून अर्धा गिलास बाकी आहे."